दिलेली अक्षरं असलेला सगळ्यात लांब इंग्रजी शब्द कोणता? एका खेळाचा इतिहास आणि माझी फजिती

कोर्सवर्क संपल्यानंतरच्या पहिल्याच सेमिनारमध्ये माझी जी फजिती झाली, तिच्यापासूनच सुरुवात करते. माझा पीएचडीचा विषय आहे शब्दयाद्यांचा इतिहास. म्हणजे शब्दकोश कुणी लिहिला हा प्रश्न नाही, तर शब्द कुठल्या क्रमानं मांडले, कुणासाठी मांडले आणि त्या मांडणीतून काय शोधता येतं, हा. सेमिनारला जरा रंगत यावी म्हणून मी सुरुवातीला एक कोडं टाकलं. इंग्रजीतली ए, ई, आय, ओ, यू आणि वाय ही सहाही अक्षरं ज्यात येतात, असा सगळ्यात लांब शब्द कोणता? उत्तर मी आदल्या रात्री लॅबमधल्या संगणकावर काढून ठेवलं होतं. स्लाइडवर झोकात लिहिलं: 'काउंटररेव्होल्यूशनरीज, २२ अक्षरं'. इथं शेवटचा 'ज' अनेकवचनाचा नाही बरं का, तो वर स्वल्पविराम देऊन जोडलेला 'चा-ची-चे'वाला एस आहे.

पहिल्या रांगेतून एका सिनियर ताईनं विचारलं, "वरचा स्वल्पविराम पण अक्षर म्हणून मोजलास का गं?" मोजला होता. संगणकाला मी 'अक्षरं मोज' असं सांगितलंच नव्हतं, 'चिन्हं मोज' असं सांगितलं होतं. तो स्वल्पविराम आणि एस काढला की शब्द उरतो काउंटररेव्होल्यूशनरी, वीस अक्षरांचा. तेवढ्यात दुसऱ्या एकानं आपल्या लॅपटॉपवर तीच कमांड चालवली आणि त्याला तेवीस अक्षरांचे शब्द मिळाले. एक कमांड, दोन संगणक, तीन उत्तरं. मग आमच्या गाईड मॅडमनी शांतपणे फक्त दोन शब्द विचारले: "कुठल्या यादीत?"

त्या दोन शब्दांनी माझा अख्खा दुसरा चॅप्टर हलवला, कारण मी त्यात 'इंग्रजीत असे इतके शब्द आहेत' अशी वाक्यं बिनधास्त लिहून ठेवली होती. हा लेख त्यातून आला. विषय खेळातला आहे, पण पेट-नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासारख्यांना यातून प्रश्न, साधन आणि स्रोत यांच्याबद्दल बरंच काही मिळेल असं मला वाटतं.

आधी प्रश्न नीट विचारा

'दिलेल्या अक्षरांचा शब्द' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात. पहिला: नेमकी हीच अक्षरं, ना कमी ना जास्त, फक्त क्रम बदललेला. दुसरा: शब्दात यांच्या बाहेरचं अक्षर चालणार नाही, पण यांतली सगळी वापरलीच पाहिजेत असंही नाही. तिसरा: ही सगळी अक्षरं आलीच पाहिजेत, बाकी कितीही येऊ देत. माझं कोडं तिसऱ्या प्रकारचं होतं. 'सगळ्यात लांब' ही अट खरी मजा आणते तीही तिसऱ्या प्रकारातच. पहिल्यात लांबी आधीच ठरलेली असते, तिसऱ्यात शब्द वाटेल तेवढा वाढू शकतो.

आणखी एक बारीक फरक आहे. अक्षरांचा 'संच' दिलाय की 'ढीग'? संचात एस एकदाच असतो. ढिगात तीन एस असतील, तर शब्दातही तीन एस सापडले पाहिजेत. हा फरक लक्षात न घेता लिहिलेला प्रोग्राम बिनचूक चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. अशी चूक सगळ्यात वाईट, कारण पडद्यावर कुठलाही एरर येत नाही.

क्रम म्हणजेच उत्तर

कागदी शब्दकोश घ्या. 'कॉन'नं सुरू होणारे शब्द शोधायचे तर एका मिनिटाचं काम. 'शन'नं संपणारे शोधायचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. शब्द तेच आहेत, माहिती तीच आहे. फक्त मांडणीनं एक प्रश्न स्वस्त केलाय आणि दुसरा महाग. माझ्या संशोधनाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर हाच.

लोकांनी यावर वेगवेगळे उपाय केले. लंडनमध्ये १७७५ साली जॉन वॉकर यांनी शब्दांच्या शेवटापासून मागे येत लावलेला कोश काढला. यमक जुळवणाऱ्या कवींना त्याचा मोठा उपयोग झाला आणि तो पुढे दीर्घकाळ छापला जात राहिला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर कंपनीत तर टायपिस्टांनी शब्द उलटे टाईप केलेली तीन लाखांहून अधिक कार्डं तयार केली. एका कार्डावर एक शब्द, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. आज आपण जे काम सेकंदाच्या आत करतो, त्यासाठी तिथं माणसांची वर्षं गेली. एका विशिष्ट शेपटीचे शब्द एकत्र बघायचे असतील, तर दुसरा मार्गच नव्हता.

पण सुरुवात किंवा शेवट सोडून 'अक्षरांचा गट' हीच शोधाची किल्ली करावी, ही कल्पना कुणाची? इथं इंग्रजीच्या बाहेर जावं लागतं, थेट आठव्या शतकातल्या बसरा शहरात. अल-खलील इब्न अहमद या भाषापंडितानं अरबीचा 'किताब अल-ऐन' हा कोश रचला. त्यात त्यानं वर्णमालेचा नेहमीचा क्रम सोडला. उच्चार घशातून निघतो की ओठातून, या हिशोबानं त्यानं वर्ण लावले. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची आहे. एका धातूची अक्षरं घेतली की त्यांच्या सगळ्या अदलाबदली त्यानं एकाच ठिकाणी मांडल्या. तीन अक्षरांच्या सहा, चारच्या चोवीस, पाचच्या एकशे वीस. आणि त्यातल्या कुठल्या प्रत्यक्ष वापरात आहेत, कुठल्या नाहीत, हेही नोंदवलं. म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नासाठीच जणू बांधलेला कोश! अर्थात अल-खलीलला कोडी सोडवायची नव्हती. भाषेतल्या सगळ्या शक्यता मोजून एकही शब्द निसटू द्यायचा नाही, हा त्याचा हेतू होता.

कोडी सोडवणारी माणसं

इंग्रजीत या प्रश्नाला चालना दिली ती कोड्यांनी. अमेरिकेत १८८३ साली ४ जुलैला न्यूयॉर्कमध्ये कोडेबाजांची संघटना स्थापन झाली. तिचं आजचं नाव नॅशनल पझलर्स लीग. पुढे १९१३ च्या २१ डिसेंबरला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं आलं, आणि १९२४ मध्ये शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघाल्यावर तर अमेरिकेला त्याचं वेडच लागलं. शब्दकोडं सोडवणाऱ्याला 'सात अक्षरी, तिसरं अक्षर क्यू' असा शब्द हवा असतो. नेहमीचा कोश इथं काहीच मदत करत नाही. म्हणून मग लांबीनुसार लावलेल्या याद्यांना मागणी आली.

१९६५ साली दिमित्री बोर्गमन यांचं 'लँग्वेज ऑन व्हेकेशन' हे पुस्तक आलं. बोर्गमन यांचा जन्म बर्लिनचा, आयुष्य अमेरिकेत. शब्दांच्या अर्थाकडे न बघता निव्वळ अक्षरांच्या रचनेकडे बघायचं, हा छंद त्यांनी एका अभ्यासविषयासारखा मांडला. एकही अक्षर पुन्हा न येणारे लांब शब्द (उदाहरणार्थ 'अनकॉपीराइटेबल', पंधरा अक्षरं, पंधराही वेगळी), पाचही स्वर ओळीनं येणारे शब्द, असं बरंच काही. १९६८ मध्ये याच विषयाला वाहिलेलं 'वर्ड वेज' हे त्रैमासिक त्यांच्या संपादनाखाली सुरू झालं. १९७० पासून ते रॉस एकलर यांनी सांभाळलं. एकलर हे पेशानं बेल लॅब्जमधले संख्याशास्त्रज्ञ. ही बेल लॅब्ज लक्षात ठेवा, पुढे लगेच येतेय.

सुरुवातीच्या काळातलं हे काम डोळ्यांनी आणि हातानं चालायचं. जाडजूड कोश पुढे घ्यायचा, पानं उलटायची, वहीत टिपून ठेवायचं. 'यापेक्षा लांब शब्द नाही' असं छातीठोकपणे म्हणायचं तर प्रत्येक शब्द नजरेखालून गेलाय याची खात्री हवी. 'आहे' हे दाखवायला एक उदाहरण पुरतं, 'नाही' म्हणायला अख्खी यादी चाळावी लागते. संशोधनात 'या विषयावर आजवर कुणीच काम केलेलं नाही' असं वाक्य लिहिताना हा फरक आठवावा.

मज्जापेशी ते ग्रेप

आता संगणक. इथली गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात कुणीच शब्द शोधायला निघालेलं नव्हतं.

१९४३ साली मॅककुलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या पेशींचं एक गणिती चित्र मांडलं. १९५१ च्या उन्हाळ्यात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी रँड कॉर्पोरेशनमध्ये त्यावर विचार केला: अशा पेशींचं जाळं नेमके कुठले नमुने ओळखू शकेल? ते सांगण्यासाठी त्यांनी एक छोटी चिन्हभाषा तयार केली. तिला आज आपण रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतो. त्यांचा लेख १९५६ मध्ये छापून आला. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी अशा नमुन्यावरून मजकूर शोधणारा प्रोग्राम आयबीएम ७०९४ या संगणकासाठी कसा तयार करायचा ते दाखवलं, आणि मग बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत असताना तीच कल्पना त्यांच्या 'ईडी' या संपादकात घातली. त्या संपादकात 'संपूर्ण फाइलभर हा नमुना शोध आणि सापडलेल्या ओळी छाप' अशी आज्ञा होती. तिच्याच आद्याक्षरांवरून 'ग्रेप' हे नाव पडलं. १९७३ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये ग्रेप हजर आहे.

ग्रेप जन्मलं कसं, याच्या दोन हकिकती आहेत. ब्रायन कर्निगन सांगतात की त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' या अठराव्या शतकातल्या ८५ निबंधांचा अभ्यास करायचा होता. त्यांतल्या काहींचा लेखक कोण यावर वाद आहे. मजकूर इतका मोठा की संपादकात मावेना, म्हणून थॉम्पसननी शोधण्याचा भाग सुटा करून दिला. स्वतः थॉम्पसन यांची आठवण थोडी वेगळी आहे. त्यांच्याकडे हे साधन खासगी वापरासाठी आधीच होतं. डग मॅकइलरॉय यांनी फाइलींमध्ये शोधायची सोय असती तर बरं, असं म्हटल्यावर त्यांनी ते जरा साफसूफ करून दुसऱ्या दिवशी दिलं. आता खरं काय? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मॅकमहनना रातोरात तयार झालेलं दिसलं, थॉम्पसनना माहीत होतं की ते आधीपासून खणात पडलेलं आहे. मौखिक इतिहासावर काम करणार असाल, तर 'कोण खोटं बोलतंय' असं विचारण्याआधी 'कोण कुठून बघत होतं' असं विचारा.

ग्रेपनंतर अल्फ्रेड एहो यांनी जास्त ताकदीचं 'ईग्रेप' लिहिलं. त्यानंतर शब्दांचा खेळ बेल लॅब्जमध्येही रंगला. कर्निगन आणि रॉब पाइक यांच्या १९८४ च्या युनिक्सवरच्या पुस्तकात ईग्रेप समजावताना दोन उदाहरणं येतात. एक, पाचही स्वर क्रमानं आणि एकदाच येणारे शब्द. दुसरं, ज्यांची सगळी अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं आहेत असे सहा किंवा जास्त अक्षरी शब्द. पहिल्याच्या उत्तरात 'फसीशस' आणि 'अब्स्टीमियस' आहेत. (उच्चारावर जाऊ नका, स्पेलिंग कागदावर लिहून बघा: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस.) दुसऱ्याच्या उत्तरात 'ऑलमोस्ट', 'बायॉप्सी', 'चिंट्झ' असे ओळखीचे शब्द आहेत आणि 'एजिलॉप्स'सारखे आपण जन्मात न ऐकलेलेही. बोर्गमन यांच्या पिढीनं पानं उलटून जे केलं, ते इथं एका ओळीत झालं.

उत्तर शोधायच्या दोन युक्त्या

पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे नेमकी तीच अक्षरं असलेल्या शब्दांसाठी, एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावायची आणि त्या लावलेल्या रूपाला शब्दाची 'सही' मानायची. 'लिसन' आणि 'सायलेंट' या दोघांची अक्षरं लावून बघा: ई-आय-एल-एन-एस-टी. सही एकच, म्हणजे अक्षरं एकच. यादी सह्यांनुसार लावून ठेवली की झालं. जॉन बेंटली यांनी ऐंशीच्या दशकात 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या स्तंभातून ही युक्ती घराघरात पोचवली. अल-खलीलनं एका धातूच्या अदलाबदली एका ठिकाणी ठेवल्या होत्या, त्याच विचाराची ही संगणकी बहीण.

माझ्या तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र सही थेट कामी येत नाही, कारण शब्दात इतर अक्षरंही असतात. तिथं दुसरी युक्ती. सव्वीस दिव्यांची एक माळ डोळ्यासमोर आणा. ए चा दिवा, बी चा दिवा, असं झेडपर्यंत. शब्दात जी अक्षरं आहेत त्यांचे दिवे लावा. आता मागितलेल्या अक्षरांची माळ त्याच्याशेजारी धरा. मागितलेला प्रत्येक दिवा शब्दाच्या माळेतही लागलेला असेल, तर शब्द पास. संगणकासाठी ही माळ म्हणजे एक आकडा आणि तुलना म्हणजे एकच क्रिया. यादी आधीच लांबीच्या उतरत्या क्रमानं लावून ठेवली, तर पहिला पास झालेला शब्द हाच सगळ्यात लांब. त्याच लांबीचे आणखी कुणी आहेत का तेवढं बघायचं आणि थांबायचं. या माळेची मर्यादाही वर सांगून झालीच आहे: दिवा लागतो किंवा लागत नाही, 'तीन एस हवेत' हे तिला कळत नाही. त्यासाठी अक्षरागणिक मोजदाद ठेवावी लागते.

शब्दांचे खेळ खेळणाऱ्या संगणकांमुळे याच्या पुढची पायरी गाठली गेली. १९८८ मध्ये अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी झपाट्यानं स्क्रॅबल खेळणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांनी यादी झाडासारखी मांडली, म्हणजे समान सुरुवातीचे शब्द एका फांदीवर, आणि मग समान शेपट्याही एकत्र जोडल्या. एक लाखाहून जास्त गाठींचं झाड वीस हजारांच्या आसपास गाठींमध्ये बसलं. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच मांडणीत! वॉकर यांचा उलटा कोश आणि आपला नेहमीचा सुलटा कोश एकमेकांत विणल्यासारखंच हे आहे.

पण कुठल्या यादीत?

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर जी यादी होती, तिला 'वेब-टू' म्हणतात. वेबस्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ ची. तिच्यातून काढलेल्या या यादीसोबतच्या टिपेत शब्दसंख्या २,३४,९३६ दिलेली आहे. लॅबमधली यादी वेगळी होती. ती स्पेलिंग तपासण्यासाठी बनलेल्या याद्यांच्या कुळातली, आकारानं निम्म्याहूनही लहान.

आणि हा फरक अपघाती नाही. स्पेलिंग तपासणाऱ्याला यादी लहान हवी असते. बेल लॅब्जमध्ये मॅकइलरॉय यांनी सत्तरच्या दशकात 'स्पेल' हा प्रोग्राम सुधारला, तेव्हा त्यांनी दुर्मीळ शब्द मुद्दाम बाहेर ठेवले. कारण सोपं आहे. एखादा कधीच न वापरला जाणारा शब्द यादीत असला आणि नेहमीच्या शब्दाची चूक नेमकी त्याच्यासारखी दिसली, तर ती चूक पकडलीच जाणार नाही. कोडं सोडवणाऱ्याला याच्या बरोबर उलट हवं असतं: जितके विचित्र शब्द तितकी चंगळ. एका कामासाठी चांगली असलेली यादी दुसऱ्या कामासाठी वाईट. मी स्पेलिंगवाल्यांची यादी घेऊन कोडेवाल्यांचा प्रश्न विचारत होते.

वेब-टू मधली तेवीस अक्षरी उत्तरं कुठली होती? 'पॅनक्रियाटिकोड्युओडेनॉस्टोमी' ही एक शस्त्रक्रिया. 'फॉर्माल्डिहाइडसल्फॉक्झिलिक' हे एका आम्लाच्या नावातलं विशेषण. आणि 'थायमॉलसल्फोनथॅलीन', म्हणजे बीएस्सीला प्रयोगशाळेत वापरलेलं आपलं थायमॉल ब्लू! तिन्हींचं स्पेलिंग लिहून बघा, सहाही अक्षरं सापडतील. याच यादीत चोवीस अक्षरी शब्दही आहेत, उदाहरणार्थ 'फॉर्माल्डिहाइडसल्फॉक्झिलेट', पण त्यात आय नाही. शेवटी आयसीऐवजी एटीई आलं आणि शब्द बाद झाला.

मग वेब-टू खरी आणि लॅबची यादी खोटी, असं म्हणायचं का? थांबा. जिच्यातून वेब-टू निघाली त्या १९३४ च्या कोशातच 'डॉर्ड' नावाचा एक शब्द होता, अर्थ दिला होता 'घनता'. असा शब्द इंग्रजीत कधीच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकांनी १९३१ मध्ये एक चिठ्ठी पाठवली होती. घनतेसाठी संक्षेप म्हणून मोठा किंवा छोटा डी वापरतात, एवढंच तिच्यात म्हणायचं होतं. इंग्रजीत 'डी ऑर डी'. ती चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, अक्षरं एकमेकांना चिकटली आणि शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की याला व्युत्पत्तीच नाही. छापील प्रतींतून तो पुरता जायला १९४७ उजाडलं. नामवंत कोश, तज्ज्ञ संपादक, आणि तरीही.

याहून मजेशीर गोष्ट सगळ्यात लांब शब्दाची. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस', पंचेचाळीस अक्षरं, बारीक सिलिका धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. इंग्रजी कोशातला सगळ्यात लांब शब्द म्हणून आपण शाळेत जनरल नॉलेजमध्ये पाठ केलेला असतो. हा डॉक्टरांनी तयार केलेला शब्द नाही. १९३५ साली वर उल्लेख केलेल्या कोडेबाजांच्या लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लीगच्या संमेलनात तो मांडला. हेतू एकच, लांबी. त्या वर्षी २३ फेब्रुवारीच्या 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये तो छापून आला आणि काही वर्षांतच वेबस्टरच्या पुरवणीत जाऊन बसला. १९३४ च्या मूळ कोशात तो असणं अर्थातच शक्य नव्हतं.

आता गंमत बघा. पाच स्वर असलेला सगळ्यात लांब शब्द विचारला, तर पुरवणी धरणारा माणूस हाच शब्द सांगेल आणि पुरावा म्हणून कोश दाखवेल. पण तो शब्द कोशात आला कशामुळे? कोड्यात लांब शब्द हवा होता म्हणून! प्रश्नानंच उत्तर तयार केलं आणि मग उत्तर प्रश्नाचा पुरावा बनलं. हे वर्तुळ संशोधनात फार वेळा दिसतं. एखादी संज्ञा आपणच प्रश्नावलीत घालायची, लोकांनी ती उत्तरात वापरायची आणि मग आपण निष्कर्षात लिहायचं की ही संज्ञा लोकांमध्ये प्रचलित आहे.

आणि मराठीत?

सेमिनारनंतर एका ज्युनियरनं विचारलं, "ताई, हेच मराठीत करून बघूया का?" बसलो दोघी. पहिल्याच मिनिटाला अडलो. 'मराठी' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू तीन. युनिकोडमध्ये साठवलेलं बघितलं तर पाच चिन्हं: म, र, आकाराची काना, ठ, दीर्घ वेलांटी. 'क्षितिज' तोंडानं तीन अक्षरी, संगणकाला सात चिन्हांचा. इंग्रजीत 'अक्षर म्हणजे काय' हा प्रश्न मला एका स्वल्पविरामानं अडवून गेला. मराठीत तो दारातच उभा असतो. त्यात 'ऱ्या' दोन वेगळ्या पद्धतींनी टाईप होतो. डोळ्यांना एकच दिसतं, संगणक मात्र दोन वेगळे शब्द मानतो.

आणि यादी कुठली घ्यायची? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. आज तो डिजिटल रूपात शोधता येतो. पण त्यातलं लेखन जुनं, 'करणें'सारखे अनुस्वार असलेलं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले. जुना कोश आणि आजचा मजकूर एकत्र करून मोजणी केली, तर एकच शब्द दोनदा मोजला जाणार. आमचा खेळ त्या दिवशी पुढे गेला नाही. ज्युनियरला मात्र डिसर्टेशनचा विषय मिळाला.

तुमच्यासाठी एवढंच

सिनॉप्सिस लिहिताना चार गोष्टी तपासा. एक, प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ इतका स्पष्ट आहे का की दुसऱ्या कुणी मोजलं तरी तोच आकडा येईल? माझ्या बाबतीत 'अक्षर' हाच शब्द ढिला होता. दोन, तुमचा स्रोत मुळात कुठल्या कामासाठी बनला होता? जनगणना असो, गॅझेटियर असो वा शब्दयादी, प्रत्येकाला स्वतःचा हेतू असतो आणि त्या हेतूसाठी काय गाळलंय ते शोधल्याशिवाय तो वापरू नका. तीन, स्रोताचं नाव, आवृत्ती आणि साल आकड्याच्या शेजारीच लिहा, तळटीपेच्या भरवशावर राहू नका. चार, तुम्ही जे सिद्ध करायला निघालाय ते स्रोतात आधी कुणी हौसेनं घालून ठेवलंय का, ते बघा.

माझ्या चॅप्टरमधली 'इंग्रजीत असे इतके शब्द आहेत' ही सगळी वाक्यं मी एकेक करून बदलली. आता तिथं 'अमुक यादीत, अमुक अटींनी मोजल्यावर' असं येतं. वाक्यं लांबली, वाचायला थोडी रुक्षही झाली. पुढच्या सेमिनारला तीच स्लाइड पुन्हा लावली, यादीचं नाव आणि वर्ष लिहून. मॅडमनी चष्म्यातून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता पुढे बोल."